करकोच्याच्या घरट्यातले शनिवार

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नाही. सातवा लागला की सावंतवाडी गाठायची, आईच्या हातची अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू खायचे, ओवा-बाळंतशोपांची धुरी घ्यायची, सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून धरून चालले होते. प्रत्यक्षात २०२३ च्या फेब्रुवारीत मी अटलांटात होते. तिसरा महिना चालू होता, नवऱ्याची पीएच.डी. संपायला दीड वर्ष बाकी होतं, आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलं होतं. ती येऊ शकणार नव्हती आणि मला जायचं तर तिकिटाचे पैसे नव्हते.

विम्याची गोष्ट थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या विम्यात बायकोचं नाव घालायचं तर हप्ता स्टायपेंडला झेपणारा नव्हता. म्हणून उत्पन्न बघून फी घेणाऱ्या एका दवाखान्यात मी नाव घातलं. तिथल्या समाजसेविकेनं दुसऱ्या तपासणीला विचारलं, "बाळासाठी घरात काय काय घेतलंय?" मी म्हटलं, काहीच नाही, आमच्यात आधी घेत नाहीत. यावर ती काही बोलली नाही. एका कागदावर पत्ता लिहिला आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी दहाला इथे जा. झीटाच्या बायका असतात. स्टॉर्क्स नेस्ट म्हणून विचार."

स्टॉर्क म्हणजे करकोचा. बाळ करकोचा चोचीत धरून आणतो असं तिकडे मुलांना सांगतात. म्हणजे हे करकोच्याचं घरटं.

बसमधून उतरून चालत गेले. जॉर्जियाची माती लाल आहे, अगदी आमच्याकडच्या जांभ्यासारखी, पाऊस पडला की चपलांना चिकटते. चर्चच्या तळघरातला हॉल होता. दाराशी गडद निळ्या टी-शर्टातल्या दोन काळ्या बायका टेबल टाकून बसल्या होत्या. आत आणखी सात-आठ जणी, बहुतेक काळ्या, दोघी-तिघी मेक्सिकोकडच्या. मी दारातच थांबले. इथे मी कशी चालेन, हा एक प्रश्न. आणि दुसरा, जो मला जास्त टोचत होता: मी मदत मागायला आलेय. आमच्या घरात उसनी वाटीभर साखर आणली तरी आई ती वाटी रिकामी परत करत नाही, त्यात काहीतरी घालूनच देते.

टेबलामागच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोटात बाळ आहे ना, बेबी? मग आत ये, बस."

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, तशी परवानगी मी घेतलेली नाही. मी त्यांना तिथल्या रीतीनं 'मॅम' म्हणायचे. चाळीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या.

त्यांनी मला एक कार्ड दिलं, घडीचं, चौकोन आखलेलं. तपासणीला गेलीस, डॉक्टरांची सही आणलीस, की पॉइंट. शनिवारच्या वर्गाला आलीस, पॉइंट. दात दाखवून आलीस, पॉइंट. बाळाच्या बापाला घेऊन आलीस, त्याचेही पॉइंट. हॉलच्या मागच्या खोलीत मांडण्यांवर झबली, डायपर, दुधाच्या बाटल्या, आंघोळीचे टब, घडीचे पाळणे मांडलेले होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी होती. तिच्यावर किंमत नव्हती, पॉइंट होते. "इथे काही फुकट मिळत नाही," त्या म्हणाल्या. "तू स्वतःची काळजी घेतलीस, तिची ही मजुरी."

हे वाक्य ऐकून माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तोवर मी दान घ्यायला आले आहे असं समजत होते. इथे मात्र साखरेची वाटी भरून परत करायची सोय आधीच करून ठेवलेली होती, आणि ती भरायची होती रक्ताच्या तपासणीनं, लोहाच्या गोळ्यांनी, वेळेवर घेतलेल्या लसीनं.

या झीटाच्या बायका म्हणजे कोण, हे मला समजायला दोन-तीन शनिवार लागले. अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांच्या नावाच्या संघटना असतात, मुलग्यांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. मुलींच्या संघटनेला सॉरॉरिटी म्हणतात. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. मला वाटायचं, कॉलेजचे दिवस, पार्ट्या, एकसारखे कपडे, एवढंच. पण इथे तर साठीच्या, सत्तरीच्या बायका होत्या. काळ्या बायकांच्या सॉरॉरिटीत कॉलेज संपलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. पदवीधर बायकांच्या शाखा गावोगाव असतात, सभासदत्व जन्मभराचं, आणि खरं काम बहुतेक पदवीनंतरच सुरू होतं. शिक्षिका, वकील, बँकेतल्या, पोस्टातल्या, सगळ्या एकमेकींना 'सोरोर' म्हणून हाक मारतात.

झीटा फाय बीटा ही संघटना १६ जानेवारी १९२० ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात, पाच विद्यार्थिनींनी काढली. त्यातल्या दोघी, मर्टल आणि व्हायोला टायलर, सख्ख्या बहिणी होत्या. हॉवर्डमध्येच तिच्याआधी काळ्या विद्यार्थिनींच्या दोन सॉरॉरिटी निघाल्या होत्या, १९०८ ला अल्फा कापा अल्फा आणि १९१३ ला डेल्टा सिग्मा थीटा. डेल्टाच्या मुली स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात वॉशिंग्टनच्या रस्त्यावर चालल्या होत्या. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये अल्फा कापा अल्फात आल्या, म्हणून ते नाव आपल्याकडे पेपरात येऊन गेलं. झीटाचं नाव तेवढं कानावर येत नाही. विद्या, सेवा, भगिनीभाव आणि उन्नत स्त्रीत्व ही तिची चार सूत्रं, रंग निळा नि पांढरा. १९४८ मध्ये आफ्रिकेत, लायबेरियात, शाखा काढली ती यांनी. आणि गर्भवती बायकांची ही घरटी १९७२ पासून, मार्च ऑफ डाइम्स या संस्थेच्या जोडीनं.

मार्च ऑफ डाइम्सची गोष्ट मॅमनी एका शनिवारी सांगितली, तीही सांगायला हवी. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध ही संस्था काढली आणि लोकांनी डाइम पाठवून ती उभी केली. साल्क यांची लस त्या पैशातून आली. लस आल्यावर संस्थेनं मोर्चा जन्मजात व्यंगांकडे आणि पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे वळवला. रूझवेल्ट स्वतः पोलिओनं अधू झालेले, आणि उपचाराला येत ते आमच्या जॉर्जियातल्याच वॉर्म स्प्रिंग्जच्या गरम झऱ्यांवर. "पण तिथे काळ्या पेशंटला जागा नव्हती," मॅम म्हणाल्या. "आमच्या मुलांसाठी १९४१ मध्ये अलाबामात टस्कीगीला वेगळं केंद्र काढावं लागलं." एवढं बोलून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. मी मात्र त्यावर खूप दिवस विचार करत होते. रूझवेल्टांच्या ज्या झऱ्यांवर आपल्या लेकरांना घेतलं नाही, त्याच रूझवेल्टांनी काढलेल्या संस्थेशी तीस वर्षांनी हात मिळवून या बायकांनी सगळ्यांच्या लेकरांसाठी घरटी बांधली. त्या तळघराच्या दारात मला कुणीही विचारलं नाही की तू कुठली, कुठल्या रंगाची, कुठल्या व्हिसावर.

वर्गात शिकवायचे ते अगदी साधं असायचं, पण हातानं करून दाखवायचे. रक्तदाब मोजायचा एक अख्खा तास झाला. मशीन सगळ्यांनी वापरलेलं असतं, मला वाटलं यात काय शिकायचं. मॅमनी मला खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक टाकायचे नाहीत. पाठ टेकलेली. पाच मिनिटं गप्प बसायचं. बाही वर सरकवून पट्टा उघड्या दंडावर, कपड्यावरून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. मग त्यांनी मुद्दाम माझा हात खाली लोंबता ठेवून परत मोजलं. आकडा वेगळा आला. "आकडा मशीन देतं, बेबी," त्या म्हणाल्या, "पण तो खरा यायचा की खोटा, हे आपण कसं बसलोय त्यावर असतं. दवाखान्यात घाईत मोजतील तेव्हा हे लक्षात ठेव." मग ते मशीन त्यांनी मला बाळंतपण होईपर्यंत उसनं दिलं आणि एक वही दिली, रोजचा आकडा लिहायला.

त्या हॉलच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता. २०२१ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे २६.६ गोऱ्या माता दगावल्या आणि ६९.९ काळ्या माता. खाली कसलंही स्पष्टीकरण नव्हतं. एकीनं विचारलं, हे गरिबीमुळे ना? मॅम म्हणाल्या, नाही. मग त्यांनी याच शहरातली गोष्ट सांगितली. डॉ. शॅलन अर्विंग, देशाच्या रोगनियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ, डॉक्टरेट झालेली, आरोग्यातली विषमता हाच तिच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये मुलगी तीन आठवड्यांची असताना वाढलेल्या रक्तदाबातून गेली. छत्तीस वर्षांची होती. मधल्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे जात होती, आणि पुन्हा पुन्हा घरी पाठवली जात होती. "तिच्याकडे शिक्षण होतं, विमा होता, सगळं होतं. तिचं ऐकलं गेलं नाही." हॉलमध्ये कुणी हललं नाही.

त्यानंतरचे दोन शनिवार आम्ही बोलायचा सराव केला. जोड्या पाडल्या. एकीनं दवाखान्याच्या खिडकीवरची बाई व्हायचं, दुसरीनं पेशंट. माझ्या जोडीला एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, किराणा दुकानात काम करायची. तिला भराभर जमायचं. मला नाही. डॉक्टरसमोर आवाज खालीच ठेवायचा, ते म्हणतील त्याला मान डोलवायची, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की खेळातसुद्धा मी 'सॉरी, जरा त्रास देते' असं म्हणूनच सुरुवात करायचे. मॅम दर वेळी थांबवायच्या. "सॉरी काढून टाक. किती आठवडे झाले ते आधी सांग. मग काय होतंय ते. मग तुला काय हवंय ते. आणि त्यांनी नाही म्हटलं तर, नाही म्हटल्याचं माझ्या कागदावर लिहा, म्हण." मी ती चार वाक्यं मराठीत वहीत लिहून काढली, मग इंग्रजीत, आणि भांडी घासताना पाठ केली.

जूनमध्ये नवऱ्याच्या मित्राचे आईवडील पुण्याहून आले. त्यांच्यासोबत आईनं पाठवलेली पिशवी आली. त्यात चार दुपटी, दोन कुंच्या, आजीच्या नऊवारीची शिवलेली गोधडी, हिरव्या बांगड्या आणि मोहरीची उशी. आमच्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ही उशी देतात. आईनं हातशिलाईनं इतक्या बारीक टाक्यांनी शिवली होती की एक दाणा बाहेर पडणार नाही. त्याच शनिवारी बाळाच्या झोपेचा वर्ग होता. मॅमनी रिकामा पाळणा मधे ठेवला आणि म्हणाल्या, बाळ पाठीवर, एकटं, स्वतःच्या पाळण्यात. उशी नको, पांघरूण नको, खेळणं नको, आईच्या कुशीतही नको. खाली कडक, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, बस्स.

मला राग आला. खरंच आला. आमच्या कितीतरी पिढ्या आईच्या कुशीत झोपून मोठ्या झाल्या. वर्ग संपल्यावर मी पिशवीतून उशी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ही माझ्या आईनं केलीय. त्यांनी उशी दोन्ही हातांत धरून जोखली, दाणे बोटांनी इकडून तिकडे सरकवले, टाके जवळून बघितले. कशासाठी, ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "डोकं गोल व्हायला बाळ जागं असताना त्याला पोटावर पालथं घाल, आपण समोर बसायचं. ही उशी मात्र पाळण्यात नको. झोपेत मान वळून तोंड दाबलं गेलेली बाळं मी बघितलीत." आवाज अगदी हळू होता. "तुझ्या आईला सांग, टाके फार सुंदर आहेत."

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नर्स होती ना गो ती? मग ऐक तिचं."

जूनच्या शेवटच्या शनिवारी त्या बायकांनी आमच्या तुकडीतल्या सगळ्यांसाठी जेवण केलं. निळे-पांढरे फुगे, मॅकरोनी, कोलार्डची भाजी, पीचचं कॉब्लर. हे यांचं डोहाळजेवण, मला वाटलं. मीही तयारीनं गेले होते. डीकॅटरच्या भारतीय दुकानातून नारळ आणले होते, तांदूळ, खण नव्हते म्हणून सुती कापडाचे तुकडे, हळदकुंकू. आमच्या तुकडीतल्या सहाजणींची मी ओटी भरली. त्यांना ओंजळीत पदर धरायचा कसा ते दाखवलं, तर त्यांनी टी-शर्टचे घेर पुढे धरले. मॅमनी विचारलं, हे तुमच्याकडे कोण करतं? मी सांगितलं, सवाष्णी करतात. मग सवाष्ण म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि ते सांगताना विधवेला यात बोलवत नाहीत हेही सांगावं लागलं. मॅम स्वतः विधवा होत्या. मी थांबले, मग सगळ्यांत शेवटी नारळ त्यांच्याच हातात दिला आणि माझी ओटी त्यांच्याकडून भरून घेतली. त्यांना मी पुण्याच्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगितली, १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी स्वतःच्या घरात बाळंतपणाची सोय करणारी, त्यातल्याच एकीचा मुलगा पुढे दत्तक घेणारी. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरटंच की." हिरव्या बांगड्या मी त्या दिवशी भरल्या त्या हातात राहिल्या.

जुलैच्या मध्यावर, चौतिसाव्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी त्या बांगड्या मनगटात रुतलेल्या दिसल्या. आदल्या दिवशी सैल होत्या. डोकं सकाळपासून ठणकत होतं. पाच मिनिटं बसून, पाय टेकवून, बाही वर करून मोजलं. १५० वर ९८. अर्ध्या तासानं परत, जवळपास तेवढंच. वहीत लिहिलं आणि नवऱ्याला लॅबमधून बोलावलं.

ज्या रुग्णालयात गेलो त्याचं नाव घेत नाही. प्रसूती विभागाच्या खिडकीवर दीड तास बसवलं. मग एका बाईनं उभ्याउभ्या पट्टा गुंडाळून मोजलं, बाहीवरून, मधे तिचं दुसरीशी बोलणं चालू. १३८ वर ८८ आलं. शेवटच्या महिन्यांत डोकं दुखतंच, गोळी घे, पाणी पी, घरी जाऊन झोप, असं सांगून तिनं कागद पुढे केला. मी तो घेतलाही. दारापर्यंत गेले. नवरा म्हणाला, चल, ते सांगतायत तर.

दारातून मी मॅमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "तू अजून आत आहेस की बाहेर?" आतच आहे म्हटलं. "मग परत फिर. चार वाक्यं आठवतात?"

आठवत होती. मी खिडकीशी गेले. मला चौतीस आठवडे झालेत. सकाळपासून डोकं दुखतंय आणि हात सुजलेत, घरी दोनदा १५० च्या आसपास आलंय, ही वही. मला बसवून, उघड्या दंडावर परत मोजा, आणि लघवी तपासा. नाही म्हणत असाल तर तसं माझ्या कागदावर लिहा. माझा आवाज कापत होता. पण वाक्यं पुरी झाली. खिडकीतल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन दुसऱ्या नर्सला घेऊन आली. त्या नर्सनं मला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं थांबली, आणि मोजलं. १५४ वर १००. लघवीत प्रथिनं निघाली.

प्रीक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई नि बाळ दोघांना धोका होतो तो आजार. दोन रात्री ठेवून घेतलं. गोळीनं डोकं उतरलं, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या ठीक आल्या, म्हणून लगेच बाळंत करायची वेळ आली नाही. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून एका दिवसाच्या अंतरानं दोन इंजेक्शनं दिली. बांगड्या मात्र निघेनात. नर्स कात्री आणायला गेली तोवर मॅम बसनं येऊन पोचल्या होत्या. त्यांनी साबणाचं पाणी करून माझा हात त्यात धरला आणि एक एक बांगडी फिरवत फिरवत काढली. दोन फुटल्या. मी रडायला लागले, तर त्यांना वाटलं काच लागली. मी सांगितलं, आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "वाढवली." उरलेल्या बांगड्या रुमालात बांधून उशाशी ठेवल्या.

सदतिसावा आठवडा पुरा होताच कळा आणून बाळंत केलं. त्याआधी आठवड्यातून दोनदा तपासणी, रोज वही. मुलगी झाली, २ किलो ५०० ग्रॅम. नवरा आत होता, आणि दुसऱ्या बाजूला मॅम. कुणी विचारलं तर त्या सांगत होत्या, मी हिच्या घरची. दवाखान्याचं बिल आम्ही हप्त्यांनी फेडलं, ती कहाणी वेगळी. घरी आलो तेव्हा पाळणा उघडून ठेवलेला होता, गाडीतली बाळाची खुर्ची मित्राच्या गाडीत आधीच बसवलेली होती. दोन्ही माझ्या पॉइंटांचं.

पुढचे पंधरा दिवस रोज कुणीतरी निळ्या टी-शर्टातली बाई डबा घेऊन यायची. एक वकीलबाई यायच्या, त्या बाळाला मांडीवर घेऊन मला म्हणायच्या, जा, केस धू. त्यांतल्या दोघी मला रक्तदाब मोजायला लावायच्या, कारण धोका बाळंतपणानंतरही राहतो, डॉ. अर्विंगचं तेच झालं होतं. मला आईची आठवण रोज यायची, तिची जागा कुणी घेतली असं मी म्हणणार नाही. पण माहेर म्हणजे नेमकं काय असतं, जिथे आपण झोपलो तरी बाळाकडे कुणीतरी बघत असतं ते घर, तेवढं मला मिळालं.

बाळ चार महिन्यांचं झाल्यावर मी परत तळघरात गेले. कार्डावर पॉइंट उरले होते. म्हटलं, त्या किराणा दुकानातल्या मुलीला द्या. नाही म्हणाल्या, पॉइंट ज्याचे त्याचे, तू कमावलेस. मग मी बारकं शिलाई मशीन मागितलं, मांडणीच्या वर कुणीतरी देणगी दिलेलं पडून होतं. त्यावर चिठ्ठी नव्हती. मॅमनी कार्ड घेतलं, उरलेले सगळे चौकोन खोडले आणि मशीन खाली उतरवलं.

मी झीटाची सभासद नाही. पदवीनंतर सोरोर होण्याचा रस्ता वेगळा, त्याची त्यांची रीत आहे. त्यांच्याच जोडीनं काम करणाऱ्या बायकांची 'अमीके' नावाची सहयोगी शाखा असते, लॅटिनमध्ये अमीके म्हणजे मैत्रिणी. त्यात यायचं का, असं मॅमनी दोनदा विचारलंय. अजून ठरवलेलं नाही. पण शनिवारी जाते. झबली शिवते, आमच्याकडची, पुढून बंदांची, कारण ती बाळाच्या डोक्यातून घालावी लागत नाहीत आणि नव्या आयांना ते सोपं जातं. पहिल्यांदा दिली तेव्हा मॅमनी बंद ओढून बघितले, गळ्याशी येणारे दोन बंद आखूड करायला सांगितले, फास बसू नये म्हणून. आता आखूडच करते. मोहरीची उशी मशीनशेजारी आहे, तिच्यात टाचण्या टोचलेल्या असतात. येत्या शनिवारसाठी बारा झबली द्यायची आहेत. नऊ झाली आहेत, तिघांचे बंद लावायचे राहिलेत.